जोधपूरचं बिऱ्हाड

भामाबाईचं माहेर म्हणजे दीडशे मेंढरं, दोन घोडी आणि वर्षातले आठ महिने पायपीट. घोड्याच्या पाठीवर अख्खं बिऱ्हाड कसं बांधायचं, हे ती भाकरी थापायच्या आधी शिकली. कळपात लांडगा शिरला तर काठी कुठं हाणायची, तेही. लग्न झालं ते म्हसवडच्या हरिबाशी. हरिबानं पुढं मेंढरं विकून जुना ट्रक घेतला. एकुलती लेक नांदायला गेली, तेव्हा रिकाम्या घरात भिंतींशी काय बोलू म्हणून भामाबाई नवऱ्याशेजारी केबिनमध्ये येऊन बसली. टायर उतरवणं, दोर आवळणं, ताडपत्री ताणणं तिच्या हाताला आपसूक आलं. माळावरच्या मोकळ्या रस्त्याला हरिबा तिच्या हातात स्टिअरिंगही द्यायचा.

लोणंदच्या बाजारात कांदा भरायचा आणि राजस्थानात उतरवायचा, हा त्यांचा धंदा. परतताना गाडी रिकामी यायची. म्हणून बदली झालेल्या, निवृत्त झालेल्या आपल्याकडच्या फौजींची बिऱ्हाडं ते आणायचे. मोठ्या कंपन्या सामानाचे वेगळे आणि गाडीचे वेगळे पैसे सांगायच्या. हरिबा दोन्ही एकाच ट्रकात आणायचा, तेही निम्म्यात.

ही गिऱ्हाइकं आधी नाथाजी द्यायचा. लोणंदला त्याचं दलालीचं दुकान होतं. सिद्धनाथाच्या यात्रेला तो दरसाल हरिबाकडे जेवायला असायचा, भामाबाईच्या हातच्या मटणाची तारीफ करत पोटभर जेवायचा. पण एका फौजीनं दुसऱ्याला हरिबाचा नंबर दिला, दुसऱ्यानं तिसऱ्याला, आणि नाथाजीचं काम उरलं नाही. त्यानं दोनदा फोनवर समजावलं. तिसऱ्यांदा म्हणाला, "हरिबा, माझ्या ताटात हात घालतुयास. हात ऱ्हायचा न्हाई."

हरिबानं फोन ठेवला आणि जोधपूरला गेला.

तिथं धैर्यशील नावाचे फौजेतले हवालदार निवृत्त झाले होते. गाव विट्याजवळ. ते बायको-पोरांना घेऊन रेल्वेनं पुढं निघाले, मागं सामान आणि छोटी पांढरी मोटार हरिबाच्या हवाली केली. मातीच्या उंचवट्याला ट्रकची पाठ लावून, दोन फळ्यांवरून मोटार आत घेतली. चाकांना लाकडी ओंडके, चारी बाजूंनी दोर. मोटारीच्या पोटात भांडी नि गोधड्या कोंबल्या. कपाट आणि मोटार यांच्यामध्ये गाद्या उभ्या केल्या, म्हणजे ओरखडा नको. बाराशे किलोमीटरात एक कप फुटला नाही.

चौथ्या दिवशी दुपारी लोणंद मागं टाकून ते फलटणच्या रस्त्याला लागले. उन्हानं डांबर पाघळलं होतं. ओढ्यावरच्या पुलाआधी एक जीप आडवी उभी होती. हरिबानं ब्रेक मारला तोच दगडानं समोरची काच फुटून दोघांच्या अंगावर आली.

नाथाजी होता आणि त्याच्याबरोबर दोन गडी. एकानं हरिबाला गळपटीला धरून खाली ओढलं. दुसऱ्यानं लोखंडी पाइप त्याच्या नडगीवर घातला. वाळकं लाकूड मोडावं तसा आवाज आला. हरिबा ओरडला नाही, त्याचा श्वासच अडकला. पाइप पुन्हा वर गेला, पुन्हा खाली आला.

"आरं नाथाजी, मरंल त्यो," भामाबाई दारातून म्हणाली. "घरी जेवलायस तू आमच्या."

"बस गप वैनी. तुला हात लावायचा न्हाई मला."

नाथाजी कुऱ्हाड घेऊन मागं चढला. ताडपत्री फाडली. आधी मोटारीच्या काचा फोडल्या, मग कपाटाला लाथ घातली. शिलाई मशीन, देव्हारा, पोरांची सायकल, हाताला येईल ते त्यानं रस्त्यावर भिरकावलं. खाली हरिबा हातांनी सरपटत चाकाच्या आड जाऊ बघत होता आणि ते दोघं त्याला पायाला धरून परत ओढत होते, मोडलेल्याच पायाला.

भामाबाईनं सीटखालची टॉमी घेतली. चाकाचे नट खोलायचा तो हातभर लांब लोखंडी दांडा. ती खाली उतरली आणि पाइपवाल्याच्या कोपरावर पहिला टोला दिला. पाइप खणकन पडला. कोपर धरून तो मागं सरकला, दुसऱ्यानं तिच्या तोंडाकडं बघितलं, आणि दोघंही जीपकडं पळाले. जीप चालू झाली नि निघूनही गेली.

नाथाजी कुऱ्हाड घेऊन ट्रकावरून उडी मारून आला. ती त्यानं उगारली की नुसती हातात होती, हे भामाबाईला पुढं कधी नीट सांगता आलं नाही. तिनं त्याच्या मनगटावर हाणलं. कुऱ्हाड गळाली. तो वाकला तसा खांद्यावर हाणलं. तो गुडघ्यांवर आला, दोन्ही हात वर केले आणि म्हणाला, "बास वैनी."

तिनं ते ऐकलं. आणि चौथा टोला त्याच्या जबड्यावर घातला.

रस्त्यावर दात पडले होते. नाथाजीच्या तोंडातून रक्ताची धार लागली. ओढ्यापलीकडं एक मोटारसायकल थांबली, मागं वळली आणि निघून गेली. कुणी येणार नव्हतं.

तिनं आधी नवऱ्याला बगलेत धरून केबिनमध्ये चढवलं. मग नाथाजीला उचलू लागली.

"त्याला टाक हितंच," हरिबा दात आवळून म्हणाला.

"मरंल."

"मरू दे की."

नाथाजीला तिनं हरिबाच्या बाजूला टेकवलं, लुगड्याचा पदर फाडून त्याचा जबडा बांधला, आणि स्टिअरिंग धरलं. फुटक्या काचेतून वारा थेट तोंडावर येत होता. तिनं भर वाहतुकीत ट्रक कधी चालवला नव्हता. दोन किलोमीटर गेली असेल, तर शेजारी घरघर ऐकू आली. हरिबानं दोन्ही हातांनी नाथाजीचा गळा धरला होता. नाथाजीचे डोळे पांढरे व्हायला लागले होते.

ट्रक थांबवून तिनं हरिबाच्या तोंडात मारली. एवढ्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदा.

"सोडा त्याला. मारायचा असता तर मीच मारला असता."

हरिबानं हात काढले आणि रडायला लागला. दवाखाना येईपर्यंत तो रडत होता.

नाथाजी वाचला. जबडा तारांनी बांधला, मनगटात पोलादी पट्टी घातली. हरिबाच्या पायात सळई बसली. पोलिसांनी दोन्हीकडून गुन्हे लिहून घेतले आणि रस्त्यावरचं सामान गोळा करून ट्रक ठाण्याच्या आवारात लावला. भामाबाईनं जबाबात सांगितलं: पाइपवाल्याला एक, नाथाजीला दोन, जबडा पडताना दगडावर आपटला. ठाण्यातल्या पोलिसानं तसंच लिहिलं. तिनं अंगठा न उठवता सही केली, शाळेत दोन वर्षं शिकलेली सही.

अकरा दिवस सामान आवारात होतं आणि अकरा दिवस ती ट्रकाखाली झोपली. एक चमचा कुणाला उचलू दिला नाही. धैर्यशील आले. फुटलेला देव्हारा बघितला, मोटारीचा चेपलेला टप हातानं चाचपला. "तुमचं नुसकान झालं," ती म्हणाली. ते म्हणाले, "मावशी, सामान होतं ते." पण त्यांची बायको पूजा बराच वेळ सायकलचं वाकडं चाक हातात धरून उभी होती, आणि तिनं भामाबाईशी शब्द काढला नाही. भामाबाईला ते पटलं. तिनंही काढला नसता.

दोन वर्षांनी वकिलांनी तडजोड ठरवली. कोर्टाच्या व्हरांड्यात नाथाजी बाकावर बसला होता. गाल आत गेलेला, बोलणं पेंगुळल्यासारखं. भामाबाई त्याच्यासमोर थांबली.

"मी बास म्हणालो हुतो," तो म्हणाला.

"व्हय. ऐकलं मी."

"मग?"

खोटं सांगायला आता कुणी लिहून घेत नव्हतं. "हात थांबला न्हाई," ती म्हणाली. "पयले तीन माझ्या मालकासाठी हुते. चौथा माझा हुता."

नाथाजीनं मान हलवली. आत पुकारा झाला, दोघांनी सह्या केल्या.

हरिबा आता काठी घेऊन वस्तीवर बसतो, दोन शेळ्या राखतो. भामाबाईनं मोठ्या गाडीचा परवाना काढला. तिसऱ्या खेपेला मिळाला. आता क्लीनर म्हणून शेजारची विधवा अंबूबाई तिच्याबरोबर असते. गेल्या महिन्यात दोघींनी भटिंड्याहून एका जवानाचं बिऱ्हाड आणि मोटार तासगावला पोचवली. लोणंदला ती थांबत नाही. चहा पुढं फलटणला घेते.