खुंटीवरचा ग्लोव्ह

आमच्या गल्लीतले शिंपीकाका एकटे राहतात. कपडे टाकायला कुणीही गेलं, की खुंटीवरचा बेसबॉलचा ग्लोव्ह दाखवून त्यांचं एकच रडगाणं: "पोटाला चिमटा काढून आणला, आणि पोरगी परगावी जाताना टाकून गेली!"

पोरगी डावखुरी. म्हणून काकांनी दुकानात ऐटीत सांगितलं, डाव्या हातात घालायचा द्या. स्वतः कधी चेंडूला हात लावला असेल तर शपथ! मग डावा हात ग्लोव्हमध्ये अडकला आणि ती बिचारी उजव्याने चेंडू फेकायची. चेंडू मधेच पडायचा, आणि हे कुंपणाबाहेरून खेकसायचे, "जेवत नाहीस का?"

परवा त्यांनी मैदानावर एक डावखुरी मुलगी पाहिली. ग्लोव्ह उजव्या हातात, डाव्याने सणसणीत फेक. काकांनी तिथूनच लेकीला फोन लावला.

"अगं, तेव्हा बोलली का नाहीस?"

"तुम्ही किती हौसेने आणला होता, बाबा."

आता काका ग्लोव्हबद्दल चकार शब्द काढत नाहीत. माप घेतात, आणि गिऱ्हाईक निघालं की दारापर्यंत येऊन नुसते उभे राहतात. बोलायला दुसरं काही त्यांच्याकडे नव्हतंच.