बरोबरी मागताना

गिरणी बंद पडली तेव्हा वडील ऐन पंचविशीत होते. पुढे त्याच जागेवर टॉवर उभा राहिला आणि त्याच्या गेटवर ते वॉचमन म्हणून लागले. आई परळच्या हॉस्पिटलात आया. लालबागच्या एका खोलीत आम्ही सगळे. म्हणून अभ्यास गॅलरीत, आणि गॅलरीत कायम बुद्धिबळाचा पट मांडलेला. घरात कॉलेजचं तोंड कुणी पाहिलं नव्हतं. मी पाहिलं.

चाळीतला खेळ देशी. प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरकायचं. आणि डाव अर्ध्यात थांबवून बरोबरी मागायची नाही. मागेल तो हरला, असंच सगळे धरून चालत.

नोकरीत स्थिरावल्यावर दादरच्या एका मानांकन स्पर्धेत उतरलो. नियम वाचून गेलो होतो, पण हात चाळीचाच. मानांकन, म्हणजे अधिकृत रेटिंग, मिळायला निदान एका बरोबरीचा अर्धा गुण तरी लागतो, शून्यावर काही नाही. एका फेरीत समोरच्या काकांनी बरोबरी देऊ केली. मला वाटलं, आटोपले हे. नाही म्हणालो आणि मीच हरलो. शेवटच्या फेरीपर्यंत नुसता भोपळा.

शेवटच्या फेरीत समोर कॉलेजातली मुलगी, मानांकन असलेली. तिने राजापुढचं प्यादं दोन घरं टाकलं, मी एक. तिने वजिरापुढचं दोन घरं, मी पुन्हा एकच. तिची पाठ केलेली सुरुवात तिथेच संपली आणि ती विचार करत बसली. पट बराचसा तिच्या ताब्यात, पण आत शिरायला वाट नाही. दुपारपर्यंत दोघांची प्यादी एकमेकांत अडकून पडली.

आठवडाभर ऑफिस, वर हे दोन दिवस खुर्चीत. डोळे चुरचुरत होते. आणखी बसलो तर कुठेतरी चुकणार हे कळत होतं, तरी शब्द जिभेवर येईना. शेवटी चाल केली आणि विचारलं, "ड्रॉ?"

तिने पटाकडे बराच वेळ पाहिलं, मग हात पुढे केला. "ही कुठली ओपनिंग, सर?"

"लालबागची."

घरी बरोबरी झाल्याचं सांगितलं. वडिलांनी एवढंच विचारलं, "मागल्यान कोणी?"

"मीच."

"मगे तू हरलंस," म्हणाले आणि जेवायला बसले. मीही ताट घेऊन शेजारी बसलो.

पुढे मानांकन आलं. घरातला पहिला ग्रॅज्युएट मी होतोच. आता चाळीतला पहिला मानांकित खेळाडूही मीच.