बिननंबरचा चष्मा

मुलुंडला एका फरसाणच्या दुकानावर आमचा क्लास आहे. मालक सावंत सर. मी मराठी शिकवते, कदम सायन्स आणि सायली गणित. चौघं एका खोलीत डबे खायला बसलो की किस्से आपोआप साठत जातात. आमचे निम्मे किस्से मात्र एकाच चष्म्याचे आहेत, आणि त्या चष्म्याला नंबरसुद्धा नाही.

*

सायली नवीन लागली तेव्हा फार तर अकरावीतली वाटायची. तन्वीची आई दहावीच्या बॅचची चौकशी करायला वर्षभर आधीच येऊन बसली होती. सायलीला म्हणाली, "बाळा, गणिताच्या मॅडमना बोलव ना जरा."

सायली आत आली. टेबलावरचा सरांचा जाड काळ्या फ्रेमचा चष्मा चढवला, केस वर बांधले आणि बाहेर जाऊन म्हणाली, "बोला."

तन्वीची आई चक्क उठून उभी राहिली! जाताना वर सांगून गेली की बाहेरची ती मुलगी फार गुणी आहे हो.

सरांच्या नंबरने सायलीचं डोकं दिवसभर गरगरत होतं. मग तिने तशीच फ्रेम आणली, साध्या काचांची.

*

हळूहळू तो चष्मा सगळ्यांचाच झाला. कदम इतका मऊ की मुलं त्याच्याकडून प्रत्येक टेस्ट पुढे ढकलून घ्यायची. एकदा तो चष्मा घालून वर्गात गेला आणि टेस्ट घेऊनच बाहेर आला. "हा असला ना, की मला 'नाही' म्हणता येतं यार," म्हणाला.

*

पालकसभेला आम्ही तिघं पाळीपाळीने तोच घालून जायचो. तिघांना भेटून झाल्यावर एका आजोबांनी सरांना बाजूला घेतलं. शिक्षक चांगले आहेत, म्हणाले, पण सगळ्यांचे डोळे सारखेच गेलेत, वर्गातला उजेड वाढवा.

सरांनी ट्यूबलाइट खरंच बदलल्या.

*

दहावीचं गणित आपल्याला मिळावं म्हणून सायली सरांच्या मागे लागली होती. सर देईनात. "गो, शिकवतंस झकास, पण पालकांका तू पोरगीच दिसतंस," म्हणायचे. शेवटी ठरलं, रविवारी पालकांसमोर डेमो लेक्चर. ते हो म्हणाले तर बॅच तिची.

रविवारी चष्मा सापडेना. कदम तो घालून घाटकोपरला मुलगी बघायला गेला होता. सायली रडकुंडीला आली. मला तिचं वाईट वाटत होतं आणि कदमचा भयंकर राग येत होता.

शेवटी तशीच उभी राहिली. सुरुवातीला आवाज कापत होता. मग गणितात शिरली आणि समोर कोण बसलंय हेच विसरली. मागच्या बाकावरचे एक काका तर औषधाच्या पाकिटावर गणित सोडवायला लागले.

लेक्चर संपल्यावर तन्वीची आई सरांपाशी आली.

"ही त्या दिवशी बाहेर होती तीच मुलगी ना? तुमच्या त्या चष्म्याच्या मॅडमनी काय तयार केलीय हो हिला! आता तन्वीला कोण शिकवणार, त्या का ही?"

सरांनी सायलीकडे बघितलं.

"हीच," ते म्हणाले. "त्या मॅडम आजपासून रिटायर."