पेटीवाले अण्णा आणि माझ्या लेकीचा पियानो

बायांनो, आज उमरग्यात माझ्या लेकीनं, रमानं, पयल्यांदा स्टेजवर पियानो वाजवत स्वतःची गाणी म्हटली. भीमगीताची चाल, मधीच देवीच्या गोंधळाचा ठेका, वर इंग्रजी सूर, सगळं एकाच गाण्यात!

शेजारी आमच्या विहारातले पेटीवाले अण्णा बसलेले. लहानपणी त्यांनीच तिला पेटी शिकवली. आपली चाल मोडली म्हणून उठून जातील, असं मला वाटलं.

म्या म्हटलं, "अण्णा, पोरीचं मनावर घेऊ नका."

"गप की गं! तिचा डावा हात बघ. माझ्या पेटीवर त्यो नुसता भाता हलवायचा. आज त्योबी गातोय."

मी तर घरी "पेटी सोड, भाकरी थाप" म्हणून वरडायची, अण्णांनाबी शिकवू नका म्हणायची. अण्णांनी माझं ऐकलं न्हाय, लई उपकार झाले.

तुमच्या लेकराला कुणी शिकवलं? तुमचे लई उपकार झाले, असं त्यांना कधी सांगितलंत का?