वाळूतले गोडे पाणी

शाळेसाठी गावाने नदीतली वाळू काढायला सुरुवात केली तो दिवस सोमवार होता. वडिलांनी पात्रात नारळ फोडला. संध्याकाळपर्यंत बैलांच्या बंड्या चालू होत्या.

आमचे गाव पूर्णेच्या काठी, अकोला आणि अमरावतीच्या मधल्या खारपाणपट्ट्यात. जमीन काळी, कापसाला उत्तम, पण विहिरींचे पाणी खारट. त्यावर धुणीभांडी आणि गुरे भागायची. डाळ मात्र शिजायची नाही. प्यायचे पाणी नदीचे. हिवाळा सरता सरता धार आटली की बायका पात्रातल्या वाळूत हातभर खड्डा करत. त्याला झिरा म्हणत. पहिले गढूळ पाणी उपसून टाकायचे, नवे झिरपेपर्यंत थांबायचे, मग वाटी-वाटीने पितळी गुंड, म्हणजे घागर, भरायचा. त्या थांबण्यात गावातल्या सगळ्या बातम्या होत. झिरे जातीजातीचे वेगळे होते. कोणी कुठे बसायचे ते कोणी सांगत नसे आणि कोणी चुकतही नसे.

वडील गावात मास्तर होते. शाळा मारुतीच्या देवळात भरायची आणि पावसात गळायची. ते श्रमदानाचे दिवस होते. शाळेच्या नव्या इमारतीसाठी घरटी बंडीभर वाळू द्यायची असे सभेत ठरले. एका म्हाताऱ्या शेतकऱ्याने तेवढे विचारले, "अन् गुरुजी, झिऱ्याचं काय?"

उत्तर त्याच्या शेजाऱ्यानेच दिले. "काहून, औंदा पूर येनार नाई का? नदी का तुह्यासारखी कंजूस हाये? नेलं त्याच्या दुप्पट आनून टाकते."

सभा हसली. वडीलही हसले. नाईल नदीचा धडा ते फार रंगून शिकवत. पूर ओसरल्यावर शेतांत मागे राहतो तो गाळ म्हणजे नदीचे देणे, असे सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. गावालाही ते पटण्यासारखे होते. काठची शेते पुराच्या गाळावरच पिकत. नदी नेलेले परत करते, यात शंका घेण्यासारखे कोणाला काही दिसले नाही.

एकदा पात्रात बंडीची वाट पडली, मग कोणी ओट्यासाठी वाळू नेली, कोणी विहिरीच्या बांधकामासाठी. पावसाळ्याच्या तोंडाशी खालची चिकण माती उघडी पडली होती.

पूर आला. खड्डे भरले, पण गाळाने. पुढच्या उन्हाळ्यात बायका झिरे करायला बसल्या तेव्हा बोटांना चिखल लागला, आणि खालून आले ते पाणी विहिरीसारखेच खारट. गोडे पाणी वाळू धरून ठेवत होती, आणि वाळू शाळेच्या भिंतींत गेली होती.

गाव ते पाणी पिऊ लागले. कोणी वडिलांना तोंडावर बोलले नाही. पारावर तेवढे ऐकू यायचे, "गुरुजीच्या शाळेनं भाजीतलं मीठ वाचवलं बाप्पा."

आईचे माहेर अमरावतीचे, राजापेठेतले. त्याच वर्षी तिचे पाय सुजू लागले. अकोल्याच्या डॉक्टरांनी मूत्रपिंडाचे दुखणे असल्याचे सांगितले आणि खारे पाणी तिने घशाखाली उतरवू नये असे बजावले. मामा तिला न्यायला आले.

"पाणी प्यायला माहेरी जाऊन राहू?" आई म्हणाली. "लोक म्हणतील, मास्तरांनी शाळा बांधली आणि बायकोला पाजायला घरात घोटभर पाणी नाही."

"म्हणतील ते खरंच आहे," वडील म्हणाले.

ती गेली नाही. मामा न जेवता परतले.

नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या गावाची वाळू शाबूत होती. वडील सायकलला डबे बांधून तिकडे गेले. मी पुढे दांड्यावर बसले होते. एक बाई झिऱ्यापाशी बसली होती. भोवती बाभळीच्या काट्यांचे कुंपण.

"पेऊन घ्या गुरुजी," ती म्हणाली. "तहानेल्याले आमी नाई म्हनत नाई. पन डबा नाई भरू देनार. तुमाले देला तं उद्या तुमचं सारं गाव बंड्या जुंपून येईन."

"पिणारी घरी आहे. आजारी आहे."

"मंग आना तिले."

नदीकाठची रीतच तशी होती. झिऱ्यावर आलेल्याला पाजायचे; परगावच्याला नेऊ द्यायचे नाही. वडिलांनी बंडी मागून आणली, आईला गादीवर बसवून नेले. ती वाळूत बसून ओंजळीने प्यायली. बाई वाटीने ओतत होती आणि आईच्या पायांकडे बघत होती. मग काही न विचारता तिने आमचा डबा ओढून घेतला. "हे वैनीचं," ती वडिलांना म्हणाली. "तुमी पेजा तुमचं खारं."

तो उन्हाळा आईला गोडे पाणी मिळाले. सूज उतरली. ती पुन्हा चुलीपाशी बसू लागली.

दिवाळीनंतर त्या गावानेही शाळा बांधायची ठरवली. वडील त्यांच्या सभेला गेले. "वाळू काढू नका," ते म्हणाले. "पूर वाळू आणत नाही, गाळ आणतो."

"वा गुरुजी! तुमची पोरं भिंतीत शिकतीन अन् आमची झाडाखाली?"

एक तरुण उठला. तो वडिलांचाच जुना विद्यार्थी. "गाळ चांगला असते, हे आमाले कोनं शिकवलं, गुरुजी? तुमीच ना?" लोक हसले. मागून कोणीतरी म्हणाले, "बायकोच्या पान्यासाठी आमची शाळा अडवून राह्यले."

तेही खोटे नव्हते. झिऱ्यावरची बाई मागे बायकांत बसली होती. बायकांना तिथे कोणी विचारत नव्हते. तिने पदर तोंडाशी धरला आणि खाली बघत राहिली.

बंड्या लागल्या. नारळ फोडायला त्यांनी वडिलांना मानाने बोलावणे धाडले. ते गेले नाहीत.

तिथल्या झिऱ्यांचेही गोडे पाणी गेले. शेवटी आई अमरावतीला गेली, पण तोवर उशीर झाला होता. पुढच्या पावसाळ्यात ती वारली.

मी शिकले, पुष्कळ वाचले. जगभरच्या नद्यांविषयी वाचते तेव्हा त्यांना पोखरणारे कोणी लोभी लोक त्यात असतात, आणि ते वाचताना मला क्षणभर सोपे वाटते. आमच्या नदीला असे कोणी भेटले नव्हते. मुलांनी पावसात भिजू नये, एवढेच त्या दोन गावांना हवे होते. आईचे दुःख करताना रागवायचे कोणावर, हे मला अजून ठरवता आलेले नाही.

दोन्ही शाळा उभ्या आहेत. दोन्ही गावांत पाणी दूरच्या धरणावरून नळाने येते. नदीच्या पात्रात गाळ आहे आणि त्यावर बाभळी वाढल्या आहेत.