दुसरं झाड

काल मुलुंडची खोली रिकामी करताना बाबांची टर्पेंटाइनची बाटली उघडली आणि त्या वासाबरोबर आई गेली तो महिना समोर आला.

बाबा हॉटेलांसाठी डोंगरांची ऑइल पेंटिंग करायचे. डोंगर आधी, त्यावर एकच झाड अगदी शेवटी. त्या महिन्यात एकदा ते चहाला उठले तेव्हा मी झाडाशेजारी दुसरं झाड काढलं.

ते रागावले नाहीत. आभाळाचा रंग घेऊन त्यांनी माझं झाड झाकून टाकलं.

"दोन झाडं आली की डोंगर लहान दिसतो गं."

ते चित्र त्यांनी विकलं नाही, या खोलीत आपल्या पलंगासमोर लावलं. इतक्या वर्षांत आभाळाचा रंग विरलाय. खालून माझं झाड दिसायला लागलंय.

डोंगर खरंच लहान दिसतो. बाबांनी मात्र आईमागे तो शेवटपर्यंत मोठाच ठेवला, एकट्या झाडाचा.