हाताला लागणारं बटन

"बेटा, आवाज तोच हाय, बटन बी तेच. मग ॲप का उघडंना?"

भालेराव सरांनी फोन माझ्या काउंटरवर ठेवला. सर सेलूच्या एका शाळेत संगीत शिकवायचे, आता रिटायर आहेत. जन्मापासून दिसत नाही. मी मोबाईल रिपेअर करते. त्यांच्या या फोनची बॅटरी, स्पीकर, चार्जिंगची पिन, सगळं मीच बदललेलं. फोनमध्ये टॉकबॅक आहे. म्हणजे स्क्रीनवर बोट ठेवलं की तिथे काय आहे ते फोन बोलून सांगतो. खाली हाताला लागणारं होम बटन. चुकलं की सर ते दाबायचे आणि पहिल्यापासून सुरू करायचे. पेन्शन, लाइट बिल, सगळं एकटे बघायचे.

फोनला काहीच झालं नव्हतं. बँकेच्या ॲपला नवीन अँड्रॉइड लागत होतं आणि कंपनीने या मॉडेलला अपडेट देणं केव्हाच थांबवलं होतं.

सर्व्हिस सेंटरला फोन लावला. इंजिनिअर म्हणाला, "मॅडम, सपोर्ट संपला. कस्टमरला अपग्रेड करायला सांगा."

"अहो, फोन ठणठणीत आहे."

"आमच्याकडे ऑप्शन नाही."

मी सरांना म्हटलं, "काही मार्ग निघेपर्यंत बँकेत जाऊन काम होईल की."

"तिथं गेलं की मला न्हाई विचारत बेटा. सोबतच्याला विचारतात, यांना किती काढायचेत?"

मग मी कस्टम रॉम टाकायचं ठरवलं. कंपनीने सोडून दिलेल्या फोनसाठी बाहेरचे हौशी प्रोग्रामर नवीन अँड्रॉइड बनवतात, ते. सरांना विचारून टाकलं. फोन सुरू झाला. टॉकबॅक बोलायला लागला, तसे सर खुर्चीत सरसावून बसले. बँकेचं ॲप उघडलं आणि लगेच थांबलं. स्क्रीनवर आलं, "फोनचं मूळ सॉफ्टवेअर बदललेलं आहे, सुरक्षेसाठी ॲप चालणार नाही." टॉकबॅकने ते वाक्य सरांना स्पष्ट वाचून दाखवलं. मला काही सांगावंच लागलं नाही.

बँकेचं म्हणणंही चूक नव्हतं. फसवणूक लय वाढलीय.

सरांच्या मुलाने नवीन फोन आणला. मोठा, गुळगुळीत. स्क्रीनवर बटनं दिसतात, हाताला लागत नाहीत. सर माझ्याकडे येऊन बसायचे, शिकायचे. काचेवर बोट फिरवता फिरवता भलतंच उघडायचं. एकदा पैसे भलत्याच माणसाला जाता जाता राहिले. तेव्हापासून त्यांनी बँकेच्या ॲपला हात लावणं सोडलं.

परवा बाजारात भेटले. सोबत सूनबाई होत्या.

"जमतंय का सर?"

"आता हीच बघते सगळं. लय चांगली पोरगी हाय," सर म्हणाले. मग आवाज खाली करून, "पण काय बी घ्यायचं म्हटलं की सांगावं लागतंय."



नवा फोन कोणता घेऊ, असं लोक मला विचारतात. त्यांना कॅमेऱ्याचं पडलेलं असतं. मी म्हणते, आधी अपडेट किती वर्षं मिळणार ते विचारा. ते दुकानात जाऊन विचारतात. बहुतेक वेळा दुकानदार कॅमेराच दाखवतो.